कुलूप लावलेला पाळणा

"पोराचं नाव असं वाऱ्यावर सोडू नये गं," असं वनिताबाई म्हणाल्या, तेव्हा त्या तांदूळ निवडत होत्या आणि शेफाली हसली होती.

"वाऱ्यावर कुठं सोडतेय आई? इंटरनेटवर सोडतेय. तेही कुलूप लावून."

"वाऱ्याला कुलूप लावणारी तू पहिलीच," असं म्हणून सासूबाईंनी एक खडा बाजूला टाकला आणि विषय संपवला. शेफालीला मात्र वाटलं की विषय आपणच जिंकलो. शिकलेल्या सुनेला असं वाटतंच. बी.कॉम. झालेली, त्यावर कॉम्प्युटरचा कोर्स केलेली बाई. खडा कुणाला उद्देशून बाजूला पडला हे तिला कळायला जरा वेळच लागला.

शेफालीला काळजी करायला कारण लागत नसे. गॅसचं बटण बंद करून ती पुन्हा बघायला जाई, आणि पुन्हा बघताना आपल्या पदरानं ते चुकून चालू तर झालं नाही ना, म्हणून तिसऱ्यांदा जाई. अव्यान झोपला की त्याच्या नाकाशी बोट धरून श्वास बघे. त्यानं तो जागा होई. जागा झाला की श्वास चालू आहे याची खात्री पटे. अव्यान हे तिच्या मुलाचं नाव. ते तिनं स्वतः शोधून काढलं होतं. तीन साईटींवर त्याचे तीन अर्थ दिले होते आणि तिन्ही चांगले होते. भोरमध्ये दुसरा अव्यान नव्हता, याचा तिला फार अभिमान होता. पुढं हाच अभिमान नडला.

तर काळजी. या खेपेला ती ठकुबाईंची होती. ठकुबाई उत्रोलीच्या. मुलं पुण्याला, घरात त्या एकट्या आणि कोंबड्या. भोरच्या आसपास कुणाकडं बारसं निघालं की आदल्या दिवशी ठकुबाईंना कुंकू लावून, नारळ देऊन बोलावणं जायचं. बारशाच्या दिवशी टेम्पो नाहीतर मोटारसायकल न्यायला यायची. पाळण्याजवळ पाट मांडून त्यांना बसवायचे, आणि मग त्या गायच्या. ठरलेलं गाणं नव्हे. ज्या बाळाचं बारसं, त्याचं नाव, त्याच्या मामाचं गाव, सगळं तिथल्या तिथं गुंफून. मामा नसला तर समोर बसलेल्यांतला एखादा धरून त्याला मामा करायच्या, आणि तो बिचारा टोपरं आणायला बाजारात पळायचा. बारसं असलं की ठकुबाईंना माणसं भेटत, नसलं की कोंबड्या. एवढा साधा हिशेब होता.

त्या खोकताहेत हे शेफालीनं एका बारशात ऐकलं आणि पुढचं सगळं गाणं ती खोकला मोजत बसली. हा गळा गेला तर? रेकॉर्ड करून ठेवायला हवं! म्हणून पॉडकास्ट. 'भोरचे पाळणे'. सादरकर्ती: शेफाली.

"पॉडकास्ट म्हंजी काय?" वनिताबाईंनी विचारलं.

"रेडिओसारखं असतं आई."

"मग रेडिओच म्हण."

"रेडिओ नाही. हे कुणी ऐकलं नाही तरी चालू राहतं."

ही व्याख्या तिनं सहज केली होती. पुढं ती शब्दशः खरी ठरली.

ठकुबाई आल्या. नेसून, केस विंचरून, कपाळाला ठसठशीत कुंकू. पाळण्याकडं बघितलं आणि पाऊल मागं घेतलं.

"बाळ कुठंय?"

"लीलाकाकूंकडं दिलाय शेजारी. रडला तर रेकॉर्डिंग खराब होतं ना."

"मग मी निजवू कुणाला?"

"याला," असं म्हणून शेफालीनं मोबाईल पाळण्यात ठेवला. खाली मऊ गोधडी, म्हणजे खरखर येणार नाही. हे एका व्हिडिओत सांगितलं होतं. म्हणजे गोधडीचं सांगितलं होतं, पाळण्याचं तिनं आपल्या डोक्यानं घातलं. ठकुबाईंनी त्या मोबाईलकडं जरा वेळ पाहिलं, आणि काय वाटलं कुणास ठाऊक, पायाकडचं दुपटं ओढून त्याच्यावर घातलं. शेफालीनं ते काढलं. त्यांनी पुन्हा घातलं. शेवटी अर्धं दुपटं ठेवण्यावर तडजोड झाली.

"नाव काय घिऊ?"

"नावाशिवाय म्हणा ना आजी. सगळ्यांना चालेल असं."

"सगळ्यांचं बारसं कधी यकदम असतंय व्हय? नावाबिगर पाळणा न्हाई."

"बरं, आमच्या अव्यानचंच घ्या."

आणि ठकुबाई गायल्या. दोरी हातात, डोळे मिटलेले, पाळण्यात मोबाईल:

नीरेच्या काठी गं भाताची खाचरं
नसरापूरचा मामा गं आणतो टोपरं
अव्यान नाव गं ठेविलं साजरं, जो जो रे

नसरापूर हे शेफालीचं माहेर. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. वनिताबाईंच्याही आलं, पण त्यांनी ते कांद्यावर ढकललं.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. इथंच थांबली असती तर ही गोष्ट लिहायची वेळ आली नसती. पण रेकॉर्डिंग झाल्यावर मोबाईल बंद पडला. फाईल एवढी मोठी झाली होती की पोराचे जन्मापासूनचे सगळे फोटो एका पारड्यात आणि हा पाळणा दुसऱ्या पारड्यात, तरी पाळणाच जड. शेफाली स्टँडजवळच्या इंद्रजितच्या मोबाईलच्या दुकानात गेली. इंद्रजित उत्रोलीचाच, भात पिकवणाऱ्या घरातला. त्यानं फाईल बघितली आणि डॉक्टरसारखा चुकचुकला.

"वहिनी, ही वेव्ह फाईल हाय. म्हंजी कोंड्यासकट भात. पोतं मोठं, शितं थोडी. एमपीथ्री करून घ्या. गिरणीतनं सडून आणलेला तांदूळ. पिशवीत मावंल, कुणाच्या बी फोनात शिजंल."

"पण सडताना जे जातं, ते काय असतं?"

"ते कुणाला ऐकू येतच न्हाई."

"ऐकू येत नाही, तर ते गेलं हे कसं कळतं?"

इंद्रजितनं तिच्याकडं बघितलं, तिच्या मागं उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाकडं बघितलं आणि म्हणाला, "वहिनी, तुमी शांतपणे घरी जाऊन ठरवा."

घरी जाऊन ठरवायचं म्हणजे सोनियाला फोन करायचा. सोनिया ही नणंद. पुण्यात कॉम्प्युटरच्या कंपनीत. तिचा सल्ला नेहमी बरोबर असे आणि नेहमी भोरच्या बाहेरचा असे.

"वहिनी, एमपीथ्री? वेडी आहेस का? पॉडकास्टच्या फीडमधून कुणीही फाईल उतरवून घेणार, स्वतःच्या नावावर टाकणार, बारशाला लावणार. मग तुझ्या त्या ठकुबाईंना विचारतंय कोण?"

शेफालीची हरवेल ही काळजी संपते न संपते तोच चोरतील ही सुरू झाली. आणि चोरीला गेलेला गळा म्हणजे ठकुबाईंचं बोलावणं बंद, माणसं बंद, उरल्या कोंबड्या.

"मग काय करू?"

"लॉक कर. डीआरएम म्हणतात. फाईल नेली तरी वाजणार नाही. किल्ली फक्त ॲपमध्ये. ज्याचा फोन नोंदवलेला, त्यालाच ऐकू येणार."

म्हणजे तांदूळ कुणीही न्यावा, पण शिजणार फक्त परवानगी असलेल्या चुलीवर. शेफालीला ते इतकं पटलं की तिनं एका साईटवर जाऊन सगळ्यांत पक्कं कुलूप निवडलं. आता पाळणा ऐकायचा तर ॲप घ्या, नाव द्या, ईमेल द्या, फोनवर आलेला आकडा टाका, आणि शेवटी आपण माणूस असल्याचं सिद्ध करायला चित्रांतले सिग्नल ओळखून दाखवा. वनिताबाई तिथवर पोचल्या. मग चष्मा काढून म्हणाल्या, "मी माणूस हाय हे त्या डबड्याला सांगायला मी का जाऊ? त्यानं सांगावं ते कोण हाय." आणि फोन खाली ठेवला.

ऐकणारे तिघं झाले. सोनिया, अजित, आणि परदेशातलं कुणीतरी. अजित म्हणजे शेफालीचा नवरा. त्यानं जेवताना ऐकला आणि "छान आहे, मीठ दे," म्हणाला. परदेशातल्याचं शेफालीला फार कौतुक वाटलं, आठवडाभर ती 'आपला तिकडचा श्रोता' म्हणून सांगत होती. मग सोनियानं सांगितलं की ते मशीन आहे, ते सगळ्यांचंच ऐकतं.

आणि चौथ्या ऐकणाऱ्या म्हणजे स्वतः ठकुबाई, त्यांना ऐकायला मिळेना. बाजाराला आल्या की त्या दारात उभ्या राहायच्या.

"माझा गळा मला कवा ऐकवतीस?"

"आजी, तुमच्या बटणाच्या फोनवर ते चालत नाही."

"भजनं चालत्यात की. इंद्रजितनं कार्डात घालून दिल्यात."

"ती एमपीथ्री असतात. उघडी."

"आनी मी?"

"तुम्ही लॉक केलेल्या आहात."

ठकुबाईंनी यावर जरा विचार केला. "कुनासाठी गं?"

"तुमच्यासाठीच आजी! कुणी चोरू नये म्हणून."

"बरं," ठकुबाई म्हणाल्या, आणि पिशवीतली मेथीची जुडी वनिताबाईंच्या हातात देऊन गेल्या. शेफालीनं त्यांना आपल्या फोनवर ऐकवायला हरकत नव्हती. पण तेव्हा चार्जिंग कमी होतं. पुढच्या खेपेला अव्यान आजारी होता. त्याच्या पुढच्या खेपेला ॲप म्हणालं की आधी नवी आवृत्ती घ्या, आणि ती घेईपर्यंत ठकुबाईंची एस.टी. आली. कारणं सगळी खरी होती. खऱ्या कारणांचा हाच तर वाईट गुण असतो, ती कितीही पुरतात.

मग सोनियाचा आणखी एक सल्ला आला. कुलूप तुटलंच तर चोर सापडावा म्हणून मध्येमध्ये आपल्या आवाजात सूचना घालायची. शेफालीनं आवाज शक्य तितका सरकारी केला: "सदर पाळणा शेफाली अजित यांच्या परवानगीशिवाय कॉपी करणे अथवा वाजवणे हा कायद्याने गुन्हा आहे." ही प्रत्येक कडव्यानंतर. घरच्या घरी तपासणी झाली. ठकुबाईंच्या आवाजानं अव्यान झोपे, आईच्या आवाजानं दचकून उठे, पुढच्या कडव्याला पुन्हा झोपे, पुन्हा उठे. शेवटी तो असा काही रडला की लीलाबाई भिंतीपलीकडून ओरडल्या, "अगं, पोराला घ्या की कुणीतरी! कायदा मागनं बघा!"

सूचनेत ठकुबाईंचं नाव नाही, हे शेफालीच्या लक्षात आलं नाही. सोनियाच्याही आलं नाही. दोघी पदवीधर.

मग कामथडीचं बारसं आलं. अजितच्या मित्राची मुलगी. अजितला सुट्टी नव्हती, म्हणून शेफाली अव्यानला काखेत मारून वडापच्या जीपनं गेली. मांडव घातलेला, फुगे लावलेले, पाळण्याला झेंडूच्या माळा, कोपऱ्यात माणसाएवढा स्पीकर. बाळाची आत्या मंगल जरीच्या साडीत बाळाला घेऊन पाळण्याशी उभी. बायकांनी घुगऱ्यांच्या वाट्या भरून ठेवलेल्या. शेफालीनं पाट शोधला. पाट नव्हता.

"ठकुबाई यायच्यात ना?" तिनं शेजारच्या बाईला विचारलं.

"बोलवलं हुतं. मग नाना म्हनलं, कशाला म्हातारीला तरास? मोबाईलमधी हाय की."

शेफालीच्या डोक्यात अजून उजेड पडला नाही. काळजी करणाऱ्या माणसाचं असं होतं. तो सगळ्या दारांवर लक्ष ठेवून असतो, आणि चोर खिडकीतून आत येऊन बसलेला असतो.

कुणीतरी बटण दाबलं. खरखर झाली आणि स्पीकरमधून ठकुबाई गायला लागल्या. नीरेच्या काठी गं. बायका माना डोलवायला लागल्या. नसरापूरचा मामा गं. बाळाचा मामा शिरवळचा होता, त्यानं मान वर करून इकडंतिकडं बघितलं. आणि मग कामथडीच्या साऱ्या आळीला ऐकू जाईल असं:

अव्यान नाव गं ठेविलं साजरं!

"कोण अव्यान?" मंगल किंचाळली. "माझ्या भाचीचं नाव ईश्वरी हाय! मी कानात सांगायच्या आधी ह्यो कोण सांगनारा? बंद करा ते!"

बंद होईना. फोनला पॅटर्नचं लॉक होतं आणि ज्याचा फोन, तो गाणं लावून पत्रावळ्या आणायला नसरापूरला निघूनही गेला होता. स्पीकर बंद करायला गेलेल्या पाहुण्यानं चुकून आवाज वाढवला. त्या वाढलेल्या आवाजात शेफालीनं स्वतःला ऐकलं.

"...यांच्या परवानगीशिवाय कॉपी करणे अथवा वाजवणे हा कायद्याने गुन्हा आहे."

बाळाचे आजोबा, नाना, खुर्चीवरून उठले. "गुन्हा? कसला गुन्हा? अरं, कुणी कंप्लेट दिली काय आपल्यावर?" एका बाईनं घुगऱ्यांची वाटी पदराआड घेतली, जणू तीही जप्त होणार होती. तेवढ्यात स्पीकरमध्ये कुकरची शिट्टी झाली आणि वनिताबाईंचा आवाज आला, अगदी समोर उभ्या असल्यासारखा:

"लीलाबाई, साखर किती घालू?"

"दोन घाला. हळू बोला वो, भरतंय ह्यात."

शेफालीनं डोळे मिटले. जमिनीनं पोटात घ्यावं म्हणतात. कामथडीची जमीन काळी, भुसभुशीत, घेतलं असतं तिनं. पण त्या दिवशी घेतलं नाही. शेजारची बाई अव्यानच्या गालाला हात लावत म्हणाली, "गोड हाय वो. नाव काय म्हनला?"

आयुष्यात पोराच्या नावाबद्दल कुणी विचारलं की तीन अर्थांसकट सांगणारी शेफाली म्हणाली, "पिंट्या."

स्पीकरमध्ये दुसरं कडवं लागलं. पुन्हा आलं, अव्यान नाव गं. आणि अव्यान, जो नावाला ओ द्यायला नुकताच शिकला होता आणि शिकवणीसाठी आईनं ज्याच्या मागं दिवसचे दिवस घालवले होते, तो दोन्ही हात वर करून खणखणीत आवाजात म्हणाला, "ओ!"

"पिंट्या लई हुशार हाय," ती बाई म्हणाली. "दुसऱ्याच्या नावाला बी ओ देतोय."

मग हळूहळू माना वळल्या. कुणाला पोराचं 'ओ' कळलं, कुणाला आवाज ओळखू आला. मंगल जवळ आली आणि फार हळू बोलली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

"वैनी, गुन्हा आमचा व्हय? बरं. पन पाळणा ठकुबाईचा ना? मग परवानगी तुमची कशी?"

बी.कॉम.ला हा भाग नव्हता.

घरी येऊन तिनं सासूबाईंना आणि लीलाबाईंना समोर बसवलं. "एवढं पक्कं कुलूप होतं. तुम्ही तोडलंत कसं?"

"कसलं कुलूप?" लीलाबाईंना खरंच कळेना. "वनिताबाईंनी तुझ्या फोनवर पाळणा लावला, मी माझा फोन त्याच्याजवळ धरला. बटण दाबलं, भाचीला पाठवलं. तिनं पुढं पाठवलं आसंल."

"मी विचारलं हुतं," वनिताबाई म्हणाल्या. "लीलाबाईंना म्हनलं, हे चालतं का? त्या म्हनल्या, ऐकायलाच ठिवलंय ना. तू पोराला डोस द्यायला गेलतीस."

कुठल्याशा कंपनीतल्या हुशार लोकांनी रात्रंदिवस बसून बनवलेलं कुलूप एका चहाच्या वेळात उघडलं होतं, आणि उघडणाऱ्यांना ते कुलूप होतं हेही माहीत नव्हतं.

तरी शेफालीच्या मनात कुठंतरी बरं वाटत होतं. निदान आता फजितीच्या भीतीनं कुणी रेकॉर्डिंग लावणार नाही. पुन्हा कुंकू जाईल, टेम्पो जाईल, पाट मांडला जाईल. ती दोन दिवस चक्क गॅसचं बटण एकदाच बघून झोपली.

मग ती रिचार्ज करायला इंद्रजितकडं गेली.

"वहिनी, कामथडीचं कळलं. काळजी करू नका, केलंय मी नीट," तो उत्साहानं म्हणाला. "लीलाकाकूंची फाईल घेतली. शिट्टी काढली, साखर काढली, तुमचा गुन्हा काढला. आनी जिथं नाव येतंय आनी गाव येतंय, तिथं जागा मोकळी सोडली. तेवढ्यात आत्यानं म्हनायचं. एमपीथ्री हाय, बटनाच्या फोनात बी वाजतंय. पार वेल्ह्यापर्यंत गेलंय. फुकट देतो, हां! गावचं काम हाय."

त्याचा चेहरा इतका निर्मळ होता की शेफालीला रागावताही येईना. तो गावचं भलंच करत होता. तीही तेच करायला निघाली होती.

"मला पण दे," ती म्हणाली. "कार्डात. ठकुबाईंना द्यायचंय."

ते कार्ड मुठीत धरून, अव्यानला कडेवर घेऊन ती उत्रोलीला गेली. काय बोलायचं हे तिनं वाटेत पाठ केलं होतं. आधी माफी, मग कार्ड, मग पुन्हा माफी.

ठकुबाई ओट्यावर बसल्या होत्या. जरीची नऊवारी नेसून, केस विंचरून, कपाळाला ठसठशीत कुंकू. जोडवी पुसून लख्ख केलेली.

"कुठं निघालात आजी?"

"कुठं न्हाई. पल्याडच्या आळीत बारसं हाय." त्यांनी शेफालीला बसायला पोतं सरकवलं. "म्हनलं, हाकंच्या अंतरावर हाय. ऐनवेळी बोलवतील एखाद्या वक्ती. मग नेसत कुठं बसायचं? म्हनून नेसून ठिवलं."

"कधीपासून बसलाय?"

"आत्ताच," ठकुबाई म्हणाल्या. कोंबड्या त्यांच्या पायाशी इतक्या निवांत बसल्या होत्या की ते 'आत्ताच' बरंच जुनं असावं.

आणि तेवढ्यात पल्याडच्या आळीतून स्पीकर लागला. नीरेच्या काठी गं भाताची खाचरं. घरांच्या वरून, अंबाडीच्या शेंड्यावरून तो आवाज अगदी स्वच्छ येत होता. शेफालीनं मूठ घट्ट आवळली, कार्डाची कडा तळव्यात रुतली.

ठकुबाईंनी पदर कानामागं घेतला. त्या पहिल्यांदाच ऐकत होत्या.

"माझा का गं ह्यो?"

"हो आजी."

"बरा हाय की!" त्या खुदकन हसल्या. "मला वाटलं, लई किरकिरा आसंल. समदे आपले माझं मन राखायला बोलवत्यात आसं वाटायचं." मग त्यांनी मांडीवर बोटांनी ठेका धरला, अव्यान त्यांच्याकडं झेपावला, त्यांनी त्याला घेतलं. गाण्यात मामाचं गाव आलं. म्हणजे गावाची मोकळी जागा आली. मग नावाची ओळ आली. स्पीकर गप्प झाला. तिकडं आत्या नाव म्हणाली असणार, पण आत्याला स्पीकर नव्हता. इकडं ओट्यावर नुसती शांतता आली, आणि तिच्यामागून "नाव गं ठेविलं साजरं".

ठकुबाईंचं बोट हवेतच थांबलं.

"काय ठिवलं गं नाव?"

"ऐकू नाही आलं आजी."

"पोरगा का पोरगी?"

"माहीत नाही."

"जा की, इचारून ये. हाकंच्या अंतरावर हाय."

शेफाली उठली. ओट्याच्या पायरीपर्यंत गेली. तिकडं तिला कुणी ओळखलं तर? कामथडीची बाई तिथं आली असली तर? पोराचं नाव काय म्हणून कुणी पुन्हा विचारलं तर? ती पायरीवर उभी राहिली आणि दुसरं कडवं संपलं. मग ती परत फिरली आणि म्हणाली, "आजी, चहा टाकू का?" पाठ केलेली माफी तोंडात तशीच राहिली, कार्ड मुठीत. ठकुबाईंनी मान हलवली. अव्यानला मांडीवर थोपटत त्या पल्याडच्या आवाजाकडं कान लावून बसल्या होत्या. प्रत्येक वेळी ती मोकळी जागा आली की थोडं पुढं झुकायच्या, आणि मग परत मागं.

कुलूप शेफालीनं काढून टाकलं. सूचनाही काढली. पॉडकास्टवर आता ठकुबाईंचं नाव आहे, गावाचं आहे, तिचं स्वतःचं नाही. पण मशीनशिवाय ते अजूनही कुणी ऐकत नाही, आणि इंद्रजितची फाईल सगळ्यांकडं आहे. शेफाली दर आठवड्याला उत्रोलीला जाते म्हणते; कधी जाते, कधी पायरीपर्यंत जाऊन येते. म्हणून तिनं तुम्हाला एवढं विचारलंय, तिच्याच शब्दांत सांगायचं तर:

"तुमचं भोरकडं जाणं झालं तर उत्रोलीत जरा थांबाल का? ठकुबाईंचं घर कुणीही दाखवेल. ओट्यावर बसल्या असतील तर साडी कुठली नेसल्यात ते बघा. घरातली असेल तर खोकला कसा आहे विचारा, जेवल्यात का विचारा आणि पुढं जा. पण जरीची असेल, आणि जवळपास कुठं स्पीकर वाजत असेल, तर आधी त्या आळीत जा, बाळाचं नाव काय ठेवलं ते विचारा, आणि येऊन त्यांना सांगा. तेवढंच. मला नाही जमलं."